लाईन गेली की गाणी ऐकू यायची

९ नोव्हेंबर, रविवार. बाबांच्या घरचं सामान बांधायचं काम.

मनीषनगरहून सकाळीच निघाले. सोबत सुतळी, जुनी वर्तमानपत्रं, कात्री आणि जेवणाचा डबा. पूर्व नागपुरातलं, विणकरांच्या गल्लीतलं आमचं घर बाबांनी सोडावं आणि आपल्या फ्लॅटवर राहायला यावं, असं दादानं ठरवलं होतं. बाबांना जायचं नव्हतं. पण आई गेल्यापासून ते एकटे राहतात आणि दादाच्या मते त्यांचं डोकं आता चालत नाही. दार वाजवलं तर उघडत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन वरण जळतं, तरी जागचे हलत नाहीत. एक विचारलं तर दुसरंच सांगतात. दिवाळीत सुनेनं विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?" तर म्हणाले, "दिवाळी काय, चांगली झाली." त्यावर सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मलाही दादाचं पटलं होतं. न पटून सांगते कुणाला, सुतळी घेऊन मीच तर आले होते.

दादा आला तो सामान बांधायला नव्हे. हातात नवाकोरा स्पीकर होता, जुन्या रेडिओसारखा दिसणारा, आतमध्ये गाणी भरलेला. जुनी गाणी ऐकवली की म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती परत येते, असं कुणीतरी त्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं.

"हजारो गाणी हायेत वं याच्यात. बाबांच्या टाइमची, आपल्या टाइमची, सारी."

"त्यातली किती बाबांले आवडत होती?"

"तुले ना, फीलिंगच नाही कशाचं."

फीलिंग हा दादाचा हल्लीचा शब्द. आमच्या वयाच्या लोकांमध्ये या शहरात एक साथच आली आहे. हॉल भाड्यानं घ्यायचा, पडद्यावर गाण्याच्या ओळी लावायच्या आणि माईक धरून ओरडायचं. जन्मभर फायली सरकवलेला माणूस उन्हाळ्यात कोट घालून स्टेजवर चढतो, डोळे मिटतो आणि सूर सोडून बाकी सगळं लावतो. बायको खाली बसून व्हिडिओ काढते. मग त्या व्हिडिओखाली पन्नाशीचे लोक लिहितात, काय दिवस होते ते! काय होते? मी होते ना त्या दिवसांत. मला विचारा.

आमच्या पुढच्या खोलीत बाबांचे दोन पॉवरलूम होते. शेजारी दोन, समोर चार, पलीकडे आणखी. गल्लीभर सकाळपासून रात्रीपर्यंत तो खडखडाट. आई मागच्या भिंतीशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि शाळेतून आले की तयार कापडावरचे सुटे दोरे कापायचं काम माझं. भिंतीवर फळीवर रेडिओ, आवाजाचा कान पूर्ण पिळलेला. आवडीबिवडीचा प्रश्न नव्हता. मागापाशी उभ्या माणसाला दुपारी डुलकी लागू नये म्हणून तो लावलेला असायचा. त्यातून आम्हाला ऐकू काय यायचं? ठोका यायचा, अधूनमधून बाईचा उंच सूर यायचा. शब्द नाहीत. शाळेतल्या मुली वहीच्या मागच्या पानावर गाणी लिहायच्या आणि माझ्या लक्षात यायचं की चाल मला येते आणि शब्द मी आपलेच घालते आहे. माझे शब्द बरे होते, हे पुढे कळलं.

कळायचं ते लाईन गेली की. गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे, आणि सेलवर चालणारा रेडिओ भर वस्तीत एकटाच किंचाळत राहायचा. तेव्हा पहिल्यांदा कळायचं, आपण दिवसभर काय ऐकत होतो. पहिल्या कडव्यात पोरगी नाही म्हणते. दुसऱ्या कडव्यात पोरगा तिचा रस्ता अडवतो. तिसऱ्या कडव्यात ती खूश. बाहेर ओट्यावर बसलेले कारागीर दाद द्यायचे आणि आई मला आत बोलवायची, जणू आत ते ऐकू येणार नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे फर्माईश. गाणं तीन मिनिटांचं आणि त्याआधी नावं वाचणार तेवढीच. निवेदिकेच्या आवाजात इतका मध की कानाला मुंग्या लागाव्यात. अमक्या गावाहून अमुक, त्यांची पत्नी, मुलं, पाळण्यातलं बाळ आणि समस्त मित्रमंडळ. आमच्या गल्लीतही श्रोता संघ होता. गल्लीतली नाली साफ करायला ज्यांचं कधी एकमत झालं नाही, ते सगळे बापे पोस्टकार्डावर नावं टाकायला एक व्हायचे. त्यांची अडचण वेगळीच. नाव रेडिओवर आलं तरी मागांच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? दुसऱ्या दिवशी संघाचे अध्यक्ष पानठेल्यावर सांगायचे, "काल आपलं नाव आलं गा." लोक म्हणायचे, "आम्ही काही ऐकलं नाही." शेवटी फर्माईशीच्या वेळेला लाईन जावी म्हणून ते देवाला नारळ बोलले होते. लाईन गेली की धंदा बुडायचा, पण नाव ऐकू यायचं. अशा लोकांच्या आठवणी आज सोनेरी झाल्या आहेत.

मी कॉलेजात जायला लागले तोवर रेडिओ मागे पडला आणि पॉप आलं. टीव्हीवर डोंगराच्या कड्यावर उभा राहून गिटार वाजवणारा एक माणूस, अंगात चामड्याचं जाकीट, केस उडताहेत. इकडे मे महिन्यात कूलरमध्ये पाणी ओतायला बादली हातात. दादानं डेक घेतला होता. कॅसेटच्या दुकानात यादी देऊन तो गाणी भरून आणायचा आणि गच्चीवर जाऊन समोरच्या गल्लीतल्या मुलीच्या दिशेनं लावायचा. तिचं लग्न वर्ध्याला झालं. त्या दिवसानंतर दादानं फक्त दुःखी गाणी भरून आणली, पैसे बाबांचेच. मैत्रिणी त्या जाकीटवाल्यासाठी रडायच्या. मीही एकाला मानत होते. आता तो केसांच्या तेलाच्या जाहिरातीत दिसतो आणि ते केस त्याचे नाहीत. एवढंच माझं फीलिंग.

तर दादानं स्पीकर बाबांच्या पलंगाजवळ ठेवला, वायर तिथल्या बोर्डात खुपसली आणि मोठ्या आवाजात सुरू केला. बाबा पलंगावर मांडी घालून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली. दादानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

"पाह्य वं, पाह्य! सारं आठवून राहिलं त्याईले!"

मी भांडी कागदात गुंडाळत होते. तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन आला म्हणून दादा बोलत बोलत बाहेर गेला. मला पलंगामागचं कपाट ओढायचं होतं आणि वायर आडवी येत होती. मी पिन काढली. गाणं बंद झालं.

बाबा डोलत राहिले.

मी कपाट ओढलं, फरशीवर घासून चांगलं करकरलं. ते डोलतच होते, त्याच लयीत, चेहऱ्यावर तेच कौतुक. मग त्यांनी एक डोळा किंचित उघडला, मी पाहते आहे हे पाहिलं आणि जरा जोरात डोलले. म्हणाले, "मस्त हाय गाणं. तुह्या भावानं चांगलं आणलं."

मी त्यांच्या पाठीमागे गेले आणि साध्या आवाजात हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. मग आमच्या घरच्या आवाजात ओरडले, तेव्हा वळले, "काय वं?"

आमच्या घरात हळू कुणी कधी बोललंच नाही. मागांमुळे लहानपणापासून ओरडून बोलायची सवय लागली आणि माग विकून टाकले तरी ती राहिली. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला वाटलं होतं, माहेरी फोनवर माझं रोज भांडण होतं. अशा घरात माणसाचे कान गेले तर कळावं कसं? पोरांचं ओरडणं त्यांना ऐकू येत होतं. दाराची कडी, कुकर, हळू बोलणारी सून, हे येत नव्हतं. आणि आम्ही शहाण्यांनी डोक्याला दोष दिला.

खात्री करायची होती. पूर्वी जिथं दुसरा माग होता त्या भिंतीशी जाऊन मी उभी राहिले. त्या खडखडाटात कारागीर ओठांनी आणि हातांनी बोलायचे. बोटांची कात्री म्हणजे दोरा तुटला. मूठ ओठाशी नेली म्हणजे चहा. मी आवाज न काढता मूठ ओठाशी नेली. बाबांनी लगेच दोन बोटांमध्ये थोडं अंतर धरून दाखवलं. म्हणजे अर्धा कप. मग मी नुसते ओठ हलवून विचारलं, दादाच्या घरी राहायला जायचं का?

"काहून?" बाबा ओरडले. "इथं काय खुपून राहिलं मले?"

दादा धावत आत आला. "काय झालं? गाणं काहून बंद केलं?"

"मघाच बंद केलं. बाबा तरी डोलूनच राहिले होते."

त्याला पटेना. मी सगळं पुन्हा करून दाखवलं, मागून हाक मारून आणि समोरून ओठ हलवून. तो पलंगाच्या कडेला बसला. "मंग बाबा, तुमी सांगितलं काहून नाही, ऐकू येत नाही म्हणून?"

"काय?"

दादानं ओरडून पुन्हा विचारलं.

"मले येते ऐकू," बाबा म्हणाले. "लोकंच आजकाल तोंडातल्या तोंडात बोलते." मग म्हणाले, "तुमी म्हणता म्हातारा येडा झाला. वरतून बहिरा म्हटलं असतं तर आजच नेलं असतं मले."

दादा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, टेम्पो उद्याचा आहे ना, तो परवावर ढकल. उद्या मी यांना कानाच्या डॉक्टरकडे नेते. त्यानं मान हलवली, पण टेम्पोवाल्याला फोन काही केला नाही. "रिपोर्ट काय येते ते पाहू," म्हणाला. दोष कानांचा आहे, डोक्याचा नाही, असा कागद मिळाल्याशिवाय तो ऐकणार नव्हता.

सोमवारी सकाळी ऑफिसला अर्ध्या दिवसाची सुटी टाकली आणि ऑटो करून बाबांना दवाखान्यात नेलं. काचेच्या छोट्या खोलीत बसवून त्यांच्या कानांवर यंत्र लावलं, हातात बटण दिलं. तिथल्या मुलीनं मोठ्यानं समजावलं, आवाज आला की दाबायचं. तिनं तपासणी सुरू केली आणि बाबा बटण दाबू लागले. दाबलं, थांबले, दाबलं, थांबले, माग चालावा तसे नेमानं. मुलगी गोंधळली. "काकू, आवाज नसला तरी दाबतात हे. असं कसं मोजायचं?"

मी तिला थांबायला सांगून आत गेले. बाबांच्या समोर उकिडवी बसले आणि आवाज न काढता सांगितलं, खोटं दाबू नका. इथं पास झाले तर दादा म्हणीन कान चांगले हायेत, डोकंच गेलं. नापास झाले तरच घर राहीन.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बटणाकडे. अंगठा उचलून बाजूला घेतला आणि ताठ बसले. मी बाहेर येऊन काचेचं दार लावलं, मुलीला पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि बाकावर बसून स्वतःच टेम्पोवाल्याला फोन लावला.