वनाच्या चपला

वना पोस्टमनबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. दुसऱ्या कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझा जन्म शिक्के मारण्यात गेला. गावचं पोस्ट माझ्याच ओसरीवर होतं. जमेल तसं सांगतो.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना लागतं. सकाळच्या बसने टपालाची थैली यायची, मी शिक्के मारायचो आणि वना वाटायला निघायचा. उंच, वाकलेला, बोलायला कमी. मौतीची खबर असली की आमच्याकडे पत्राचा कोपरा फाडतात. असं पत्र घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकतात. वना ते पिशवीत ठेवत नसे, हातात धरायचा आणि दाराशी चपला काढून मगच हाक मारायचा. त्यामुळे त्याचे अनवाणी पाय दिसले की बाया आधीच रडायला लागायच्या.

गावातल्या धुरपदाबाईचा एकुलता एक मुलगा लीलाधर इराकमध्ये बसऱ्याजवळ एका कंपनीत वेल्डर होता. शहाऐंशीच्या दिवाळीनंतर त्याची पत्रं थांबली. वना तिच्या गल्लीतून जाताना रोज सांगायचा, "आज नही, अक्का." आणि रोज मला विचारायचा, "नाना, पेपरमा काय शे?"

पेपरमध्ये त्या दिवसांत अमेरिकेचंच प्रकरण होतं. इराणला कुणी हत्यारं विकू नका, असं जगाला सांगणाऱ्या सरकारने स्वतःच चोरून इराणला क्षेपणास्त्रं विकली होती. इराण आणि इराकचं तर सहा वर्षं युद्ध चालू, आणि अमेरिका आपल्या बाजूची असं इराकला वाटत होतं. मी हे वनाला समजावलं. तो म्हणाला, "सोयरानीच चोरले वाट दखाडी, मंग घर कोन राखी?"

चहावाला रुपचंद हसला. "वना, अमेरिकाले तार ठोक. म्हना, आमनी धुरपदाबाई रागे भरनी शे!"

वना हसला नाही. जानेवारीत बसऱ्यावर मोठा हल्ला झाल्याची बातमी आली, आणि मग रुपचंदनेही थट्टा बंद केली.

जानेवारीच्या शेवटी एक दिवस थैलीतून इराकचं पाकीट निघालं. पत्ता नेहमीसारखा कंपनीच्या कारकुनाच्या अक्षरातला. कोपरा फाटलेला.

माझा हात शिक्क्यावरच थांबला. वनाने ते पाहिलं. असं पत्र आपण उगाच उलटसुलट करत नाही. मी वरच्यावर शिक्का मारला आणि ते त्याच्याकडे सरकवलं.

ते पत्र त्याने दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि धुरपदाबाईची गल्ली टाळून नदीकडून जाऊ लागला. मला कळत होतं. टोकायला हवं होतं, पण माझंही धाडस झालं नाही. वनाने त्या दिवसांत नीट जेवणही केलं नाही, असं त्याची बायको नंतर सांगत होती.

चौथ्या दिवशी सकाळी धुरपदाबाई स्वतःच ओसरीपुढे येऊन उभी राहिली.

"वना, तीन दिन व्हयनात, तू मनी गल्लीमा उना नही. टपाल शे ना?"

"नही, अक्का..." म्हणताना त्याचा हात पिशवीवर गेला.

ती त्या हाताकडे पाहत राहिली. पदर तोंडाशी धरून, पण आवाज न हलू देता म्हणाली, "मंग चपला काढ. दे."

वनाने चपला काढल्या. पाकीट तिच्या हातात ठेवताना ते निसटून खाली पडलं, उलटं. मागच्या बाजूला कोपऱ्यापासून खालपर्यंत एक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर परक्या लिपीतला शिक्का होता.

मी ते उचललं आणि फोडलं. आत लीलाधरचंच अक्षर.

'आई, मी बरा आहे. इथे आता सगळी पत्रं कोपऱ्यातून फोडून बघतात. आपला म्हणवणाऱ्यानेच दुश्मनाला हत्यारं दिली म्हणून लोक फार चिडले आहेत. परक्या माणसावर भरवसा उरलेला नाही. रजा बंद, पासपोर्ट कंपनीकडे.'

वनाने आभाळाकडे पाहून हात जोडले. धुरपदाबाई मात्र तशीच उभी होती.

"तारीख काय शे, नाना?"

मी सांगितली. अकरा डिसेंबर. बसऱ्यावरच्या हल्ल्याच्या आधीची.

तिने पत्राची घडी केली, पदरात बांधली आणि जाता जाता म्हणाली, "चपला घाल, वना. आते टपाल कसंबी उनं तरी त्याच दिन दी जाय."

होळीनंतर दुसरं पाकीट आलं. त्याचाही कोपरा फाटलेला होता. या वेळी मी आधी उलटून पट्टी पाहिली. पण आत कोणती तारीख असेल, ते पट्टीवरून थोडंच कळणार होतं? वनाने पाकीट घेतलं आणि तिच्या गल्लीकडे धावत सुटला. चपला पायातच होत्या. त्यांचा फटफट आवाज मला ओसरीवर ऐकू येत होता.

थोड्या वेळाने तो परत आला. दम लागलेला, डोळे भरलेले.

"पंचवीस फेब्रुवारी, नाना."