पेनड्राइव्हमधल्या मेंढ्या

पिरंगुटची नोकरी सांभाळून चाळिशीत पीएच.डी.ला बसलेला माणूस जरा हावरटच होतो. ग्रंथालयाच्या मॅडमनी आम्हाला शोधनिबंधांचे डेटाबेस वापरायला शिकवले होते. नेमके शब्द टाका, सारांश वाचा, लागेल तेवढंच उतरवा. यातलं शेवटचं मी सोयीस्करपणे विसरलो.

माझा विषय मेंढपाळांचं अर्थकारण. मुळशीत चांदे गावी घरी नेटचा भरवसा नाही, म्हणून ग्रंथालयातच 'मेंढी' एवढा एकच शब्द इंग्रजीत टाकला, जे जे आलं ते सगळं पेनड्राइव्हमध्ये आपोआप उतरवणारी एक करामत चालू केली आणि वडापाव खायला गेलो. परत येतो तर डेटाबेस बंद. नुसता माझा नव्हे, अख्ख्या विद्यापीठाचा.

शेजारच्या टेबलावर प्राणिशास्त्राची एक संशोधक बसायची. मुळशीतलीच, घरी मेंढरं. खुरांच्या रोगावर तिचं काम होतं. त्या दिवशी दुपारी तिची मार्गदर्शकांपुढे मांडणी, आणि नेमका एक लेख वाचायचा राहिलेला.

"दादा, तुमच्यात उघडतंय का? माझ्यात उघडंना."

"नाही गं. काहीतरी बिघाड असेल."

"बिघाड कसला!" काउंटरवरून मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी सगळं ओढून घेतलंय. कोण ते कळवल्याशिवाय डेटाबेसवाली कंपनी चालू करणार नाही."

"काय एकेक लोक असतात!" हे मीच म्हणालो. वर मानही हलवली.

"आमच्याकडं एक बोकड हाय असलं," ती म्हणाली. "समद्या चाऱ्याला तोंड लावतंय, खात कायबी न्हाई."

मग बाहेर पायरीवर बसून तिनं डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. तिला हवा असलेला लेख माझ्या पेनड्राइव्हमध्ये होता. मी गुपचूप पाहून ठेवलं होतं. द्यावा तर पकडला जाणार. मी भाकरी खाल्ली, हात धुतले, चहा घेतला, पुन्हा हात धुतले. तिची वेळ अगदी जवळ आली तेव्हा कुठे आत टेबलाशी येऊन लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

तिनं लेख पाहिला. मग खालपर्यंत भरलेला फोल्डर पाहिला.

"दादा, ते बोकड तुमी व्हय?"

"हो."

"आन यातलं वाचलं किती?"

"एकही नाही."

मला वाटलं, हसेल. हसली नाही. "माझं भागलं," ती म्हणाली. "पन ह्या बाकीच्यांचं काय?"

आसपासची पोरं बिचारी तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होती. मी काउंटरवर गेलो.

"सर, तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. त्यातलं 'सर' फार लागलं.

दोन दिवसांनी डेटाबेस सुरू झाला. माझं लॉगिन मात्र सत्र संपेपर्यंत बंद राहिलं, ते बरंच झालं. पण त्या दुपारी तिला घाईघाईत लेखाचा शेवटच तेवढा वाचता आला होता. मार्गदर्शकांनी नेमकं मधलं विचारलं आणि मांडणी पुढच्या महिन्यावर ढकलली. उशीर का झाला, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

परवा ती पुन्हा मांडणीला निघाली होती. मी आपला आगाऊपणे विचारून बसलो, "काही लेखबिख लागतोय का?"

"लागला तर मॅडमना मागीन," ती म्हणाली आणि डबा पिशवीत टाकून उठली.