सात नंबरचा खडक

शंकरभाऊ गेल्याचं मला त्यांचा दहावा उरकल्यावर कळलं. पुतण्याचा फोन आला, तोही बोटीतला माझा टब कुठे ठेवायचा हे विचारायला. धरणावर मोजमाप करणाऱ्या बाईला कळवायला हवं, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नसणार. आणि का यावं? मी ना नात्याची, ना गावची. कळंबच्या माझ्या खोलीत फोन ठेवून मी चहा केला आणि तो तसाच गार होऊ दिला... सहा आठवडे झाले, अजून रडायला जागा मिळालेली नाही.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी डिंभ्याच्या जलाशयातून किती मिथेन हवेत जातो, याचा अंदाज काढायचं खूळ डोक्यात घेतलं. साधन म्हणजे कडेने थर्माकोल बांधलेला प्लॅस्टिकचा टब. तो पाण्यावर पालथा सोडायचा, आत साठलेली हवा दर पाच मिनिटांनी सिरिंजने ओढून कुपीत भरायची आणि तपासायला पुण्याला पाठवायची. मासेमारी करणारे शंकरभाऊ पहिल्या दिवशी पोट धरून हसले. "म्हंजी बाई, धरणाचाबी गोबर गॅस व्हतो व्हय!" त्यानंतर सात वर्षं माझ्यासाठी त्यांनीच बोट वल्हवली.

नकाशावर मी एक ते दहा अशी ठिकाणं आखली होती. भाऊंना आकडे मान्य नव्हते. त्यांचं गाव याच पाण्याखाली गेलेलं. डोंगरातली खिंड आणि काठावरचा वड एका रेषेत आले की ते वल्हं थांबवायचे नि सांगायचे, "ही शाळा." थोडं पुढे गेलं की, "हे पाटलाचं खळं." पहिल्याच फेरीत मी शिकवण्याच्या थाटात त्यांना समजावलं की खाली बुडालेलं जे जे कुजतं, त्याचाच वायू होऊन वर येतो. भाऊंनी वल्हं उचललं. सातव्या ठिकाणापाशी बोट लांबून वळवत म्हणाले, "तिथं नगं. खडक हाय, बोट फुटंल." मी वहीत 'खडक' लिहिलं, आणि खडकातून कसला वायू, म्हणून अंदाजात तिथे शून्य धरलं. दर फेरीला शून्य.

मोजणी चालू असताना वीस मिनिटं बोटीत हलायचं नाही, हा माझा नियम. भाऊ तेवढ्यात फडकं सोडून भाकरी नि ठेचा काढायचे, अर्धी माझ्यापुढे सरकवायचे. "एकलीसाठी काय रांधता तुमी? खावा." माझ्या एकटेपणाविषयी इतकं सरळ दुसरं कुणी बोललं नाही. बाकीचे जपून बोलतात, त्याने जास्तच एकटं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला म्हणून भेटायला गेले. खाटेवर उठून बसले. म्हणाले, "बाई, सातला खडक नाय. आमच्या शेताचा बांध हाय. माजी सुमी तिथं पुरलीय... सा म्हयन्याची व्हती. पाणी उतरलं की लई बुडबुडं येत्यात. तुमी म्हनलात, कुजल्याचं येतं... मला ते सोसलं न्हाई."

आणि मी काय केलं? चिडले. माझा सगळा अंदाज कमी निघाला, तुम्ही मला खोट्यात पाडलंत, असं म्हणून चपला घालून निघाले. मागून ते एवढंच म्हणाले, "मोजा आता. खोटं नगं ऱ्हायाला." मी वळूनही बघितलं नाही. फोन करीन, उन्हाळ्यात त्यांनाच घेऊन जाईन, असं मनात घोकत राहिले... याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

परवा त्यांच्या पन्नाशीतल्या पुतण्याबरोबर गेले. टबाच्या दोरीला भाऊंनी मारलेली गाठ तशीच होती. पाणी बरंच उतरलं होतं. नकाशावरून सातवं ठिकाण लगेच सापडलं. खडक कुठेच नव्हता. बारीक बुडबुडे येत होते, थांबून थांबून.

"सोडू का टब, बाई?" पुतण्याने विचारलं. मी म्हटलं, मीच सोडते. वीस मिनिटं आम्ही दोघं हललो नाही. भाकरी न्यायचं मला सुचलंच नव्हतं. कुप्या भरल्या. अहवालातले जुने आकडे आता दुरुस्त करावे लागतील. चूक माझीच लिहीन, सात वर्षांत मी एकदाही पडताळून पाहिलं नाही. वहीत 'खडक' खोडलं. ठिकाणाच्या रकान्यात 'सात' लिहायला पेन टेकवलं, आणि भाऊंच्या रीतीने लिहिलं, सुमी.