ताईच्या डोक्यातला फुगा

मुलुंडच्या तरणतलावावरून फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. "ताई बाकावर बसल्या आणि कोसळल्या हो..." माझ्या मनात एकच आलं, फुगा फुटला. पण तो फुटला नव्हता. हृदय थांबलं होतं. सहा वर्षं आम्ही राखण केली ती डोक्याची.

माझी थोरली बहीण, वासंतीताई, तिथे बायकांना पोहायला शिकवायची. एकदा शिकवता शिकवताच तिच्या डोक्यात असह्य कळ आली. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता. डॉक्टरांनी मांडीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन त्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारेच्या बारीक कॉइल भरल्या आणि ती वाचली. पण त्यात रक्त परत शिरत नाही ना, हे पाहत राहणं आलं. पहिल्या तपासणीला पुन्हा तीच नळी. संमतीच्या कागदावर 'अर्धांगाचा धोका' वाचून माझी सही वाकडी आली.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "या वेळी नुसता एमआरआय. नळी नाही, सुई नाही. ठीक आला तर खुशाल पाण्यात उतरा."

"आणि चुंबकाने डोक्यातला धातू ओढला तर?" ताईने विचारलं.

"प्लॅटिनमला ओढत नाही. तुम्ही फक्त हलायचं नाही."

तिला धास्ती अरुंद जागेची. आठवडाभर रोज दुपारी ती पलंगाखाली सरकून निपचित पडायची आणि मी डावाने ताट बडवायचे. "जोरात वाजव गं, मशीन काय लाजणारेय?"

घाटकोपरच्या सेंटरमध्ये आत सरकवल्यावर मिनिटभरात तिने घंटी दाबली. बाहेर आली ती घामाने थबथबलेली. "आज राहू दे का, मावशी?" तिथल्या मुलीने विचारलं. ताईने तोंड पुसलं आणि पुन्हा आडवी झाली. "घाल परत." मी काचेतून तिची पावलं बघत होते. वीस मिनिटं ती हलली नाहीत.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी जुनी-नवी चित्रं शेजारी लावली आणि एकीवरून दुसरीकडे बघत राहिले. ताईने माझं मनगट घट्ट धरलं. "फुग्याच्या तोंडाशी थोडं रक्त दिसतंय..." ते पुढे झुकले. "नाही, हे आधीपासूनचंच. वाढलेलं नाही." सोमवारी ती तलावात होती. पुढे चार वर्षं शिकवत राहिली.

गेल्या आठवड्यात तिचं हजेरीचं रजिस्टर घरी आणलं. शेवटच्या पानावर, नव्या बायकांच्या नावांखाली, पेन्सिलीने माझं नाव. पोहायला शिकायला मी कधी हो म्हटलं नव्हतं. छप्पन्न वर्षांत गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिलेलं नाही मी. नावापुढे तिने वेळही लिहून ठेवली होती : मंगळवार, साडेनऊ.

काल मंगळवार होता. मी तलावाच्या चार पायऱ्या उतरले.