आईने धबधबा पाहिला तो दिवस

आमची म्हैस आईशिवाय कुणालाच पान्हा सोडत नाही. माझे वडील, आबा, जवळ गेले तर लाथ, मी गेले तर शेपटीचा फटका. त्यामुळे आमच्या बावड्यातली निम्मी गल्ली देश फिरून आली, पण आमची आई सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेच्या मधल्या वेळातच अडकून राहिली. राधानगरीच्या जंगलातला मोठा धबधबा तिने फक्त माझ्या मोबाइलवर पाहिला होता. यंदा मी हट्टालाच पेटले. सकाळची धार झाल्याबरोबर तिला गाडीत घातलं.

वाटेभर तिचं एकच, "सांजच्या धारंला पोचाय पायजे."

"पोचतोय की," असं मी दहा वेळा सांगितलं. वैताग आला होता मला.

धबधबा दिसायच्या आधीच त्याचा आवाज छातीत धडधडायला लागला. ओलीकच्च दाट झाडी, अंधारलेली पायवाट, पायाला जळवा. वळण घेतलं आणि समोर सगळा डोंगरच पांढरा होऊन खाली येत होता. आई जागीच थांबली. तुषारांनी तिचे केस, चष्मा, पदर सगळं भिजलं. मग चक्क चपला काढून ती दगडावर बसली, पाण्यात पाय सोडले आणि एकटीच हसत राहिली. तिला तसं बघून मला इतका आनंद झाला की मीच वेळ विसरले. आठवण झाल्यावर म्हटलं, "आई, धार?"

"बस गं जरा."

उठेपर्यंत उशीर झाला होता. फोनला रेंज नव्हती. परतताना आईचं तोंड उतरलं. धार चुकली की कास दुधाने तटते, म्हैस ओरडून जीव नकोसा करते. गाडी थांबताच ती गोठ्याकडे धावली.

म्हशीखाली कुणीतरी डोक्यावरून पदर घेऊन बसलं होतं. साडी आईची, रोजची हिरवी. पदराखाली आबांच्या मिशा. समोरच्या नव्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या बघ्यांनी भरलेल्या, आणि बादली फेसाळ दुधाने.

"तुझा वास लागला की गप हुबी ऱ्हायली बघ," आबा म्हणाले.

मी पोट धरून हसले. आई हसली नाही. तिने बादलीत पाहिलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हंजे एवढी वर्सं निस्त्या साडीचंच अडलं हुतं व्हय?"

आबा निऱ्या सावरत उठले आणि साडी सोडायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "ती आता तुमचीच. फुडच्या रविवारी मी परत जाणार हाय."