उन्हाकडे तोंड

आमच्या शाळेत खेळाच्या बाई नेहमी उन्हाकडे तोंड करून उभ्या राहत. सकाळची शाळा असली की पूर्वेकडे, दुपारची असली की पश्चिमेकडे. समोर पोरांच्या रांगा आणि ऊन त्यांच्या पाठीवर. शिकवणाऱ्याने ऊन आपल्या डोळ्यांवर घ्यायचं, शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ द्यायचं नाही, हे म्हणे खेळाच्या शिक्षकांना प्रशिक्षणात अगदी सुरुवातीला सांगतात. बाकीचे नोकरी लागली की विसरतात. बाई विसरल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांच्या कडांना कायमच्या सुरकुत्या पडल्या होत्या, आणि त्या रागावल्या आहेत की हसताहेत हे नव्या माणसाला पटकन कळत नसे.

आडनाव खिल्लारे. पण हिंगोलीतल्या आमच्या भागात त्या खेळाच्या बाईच. गोल साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. भीमजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकापुढेही याच बुटांत असत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी साडीखाली बूट बरे दिसत नाहीत, असं मत दिलं. बाई म्हणाल्या, "साडी शाळेची हाय साहेब, बूट मैदानाचे. दोनी ठिकाणी मलाच जावं लागतं." साहेबांनी शेऱ्यात बुटांचा उल्लेख केला नाही.

मी त्या शाळेत मराठी शिकवत असे. उभं राहून शिकवण्याचा धंदा, त्यामुळे संध्याकाळी आम्हा सगळ्यांचेच पाय भरून येत. बाईंनी मैदानावरचे जुने टेनिसचे चेंडू आणून शिक्षक-खोलीतल्या टेबलाखाली टाकले आणि चपला काढून तळव्याखाली चेंडू फिरवायची सगळ्यांना सवय लावली. कारणही सरळ सांगितलं. मास्तरचे पाय दुखले की मास्तर चिडतो, आणि तो चिडला की मार पोरं खातात. मग महिन्याची बैठक अशी चाले की वर हेडमास्तर गुणवत्तावाढीवर बोलताहेत आणि टेबलाखाली सारी शाळा चेंडू फिरवते आहे. त्या काळात बैठकीतली शिस्त फार वाढली, असं हेडमास्तरांचं मत झालं होतं.

खेळाचा तास ही कुठल्याही शाळेत सार्वजनिक मालमत्ता असते. गणिताचा भाग राहिला, घ्या खेळाचा तास. इंग्रजीचा राहिला, घ्या. बाईंकडेही लोक येत. बाई नाही म्हणत नसत. "तास घ्या की. पण पोरं मैदानावरून हलनार न्हाईत. तुमी इकडं या," एवढंच म्हणत. इंग्रजीच्या सरांनी एकदा भर मैदानात काळ शिकवून पाहिले. पोरं खो-खोच्या पाटीत बसलेली, एक काळ सांगितला की पोरगं उठून पळायचं. त्यानंतर सरांनी तास मागितला नाही, पण त्या वर्षी आठवीला काळ पक्के आले, हे मान्य केलं पाहिजे.

राठोड सर आमच्याकडे गणिताला आले ते शिक्षणसेवक म्हणून. सेनगावकडच्या एका तांड्यावरचे, घरातले पहिले नोकरीवाले. सेवकाची वर्षं नीट पार पडली तर माणूस कायम होतो, नाहीतर परत तांड्यावर. नीट पार पडली की नाही हे ठरवणार हेडमास्तरांचा अहवाल आणि संस्थेच्या अध्यक्षांची मर्जी. अध्यक्षांना कडक मास्तर आवडत. राठोड सरांना गणित उत्तम येई, पण आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचायच्या आत विरून जाई. आठवी ब त्यांच्या तासाला बाजार भरवी. हेडमास्तर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा हुशार हाय, पण दम न्हाई त्याच्यात. अध्यक्षसाहेब काही कायम करनार न्हाईत याला." राठोडांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. त्यांचं लेकरू तेव्हा नुकतंच रांगायला लागलं होतं, आणि खोलीचं भाडं गणिताच्या मास्तरालाही जमू नये असं होतं.

बाईंनी त्यांना शाळा सुटल्यावर मैदानावर बोलावलं. मैदानाच्या एका टोकाला राठोड, दुसऱ्या टोकाला बाई. तिथून हुकूम द्यायचा आणि बाईंनी तो पाळायचा, असा सराव. राठोड पहिल्या दिवशी बेंबीच्या देठापासून ओरडले. बाई जागच्या हलल्या नाहीत. चालत त्यांच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, वरडू नका. मास्तर वरडला की पोरायला समजतं, मास्तर भेला."

"मग ऐकू कसं जाईल बाई?"

"अर्धा शब्द द्या. थांबा. मग बाकीचा सोडा. त्या थांबन्यात पोरगं तयार व्हऊन राहतं. तुमी थांबतच न्हाई, मग त्यानं ऐकायचं कवा?"

कवायतीचा हुकूम असाच दोन तुकड्यांत देतात, हे मला तेव्हा कळलं. 'मागे' म्हणायचं, थांबायचं, आणि मग 'वळ'. राठोड रोज संध्याकाळी रिकाम्या मैदानाला हुकूम देत. फाटकाबाहेर भजी तळणारा त्यांची चेष्टा करी, मैदान अजून कायम झालं न्हाई का सर, असं विचारी. पण पावसाळा संपेपर्यंत आठवी ब गप्प बसायला लागली. राठोड फळ्यावर समीकरण अर्धं लिहीत, थांबत, वर्गाकडे बघत, आणि वर्गही त्या अर्ध्या समीकरणाकडे बघत बसे. आवाज तेवढाच होता. हेडमास्तरही दोनदा दाराशी उभे राहून ऐकून गेले. अहवाल आता बरा जाणार, असं आम्ही सगळे धरून चाललो.

हिवाळ्यात वार्षिक क्रीडा महोत्सवाचं उद्घाटन ठरलं. महोत्सव म्हणजे पूर्वीचेच खेळ, फक्त मंडप आणि पाहुणे असलेले. बाईंचं म्हणणं, मंडप पूर्वेच्या भिंतीला लावा, म्हणजे दुपारी पोरांच्या पाठीला ऊन राहील. अध्यक्षांचं म्हणणं, पश्चिमेला लावा, म्हणजे फलक रस्त्यावरून दिसेल. फलकावर अध्यक्षांचा फोटो होता. मंडप पश्चिमेला लागला.

दुपारी पोरं रांगेत उभी केली. पाहुणे अर्ध्या तासात येणार होते, म्हणजे कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. अध्यक्ष त्यांना आणायला नाक्यावर गेले, हेडमास्तर हार घेऊन फाटकाबाहेर उभे. पोरं डोळे बारीक करून मंडपातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होती. पाचवीतली एक मुलगी चक्कर येऊन बसली. बाईंनी तिला उचलून टाकीकडे सावलीत नेलं आणि जाताना राठोडांना रांगांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

राठोड सरांनी थोडा वेळ लक्ष ठेवलं. मग ते मंडपाच्या बाजूने फिरून रांगांच्या मागे गेले, सूर्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "मागे." सगळं मैदान थांबलं. मग म्हणाले, "वळ." सारी शाळा एकदम वळली. मग त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. खरं तर शेवटची रांग आता पहिली झाली होती.

आणि तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. वाजतगाजत मंडपात नेलं, हार घातला, आणि पाहुणे समोर बघतात तर नुसत्या वेण्या आणि डोक्यावरचे भोवरे. अख्खी शाळा त्यांच्याकडे पाठ करून मजेत बसलेली. अध्यक्षांचा चेहरा फलकावरच्या फोटोसारखा राहिला नाही. पाहुण्यांचं भाषण मात्र मी ऐकलेल्या उद्घाटनांतलं सगळ्यात आटोपशीर झालं.

पाहुणे गेल्यावर आम्हाला कार्यालयात बोलावलं. अध्यक्ष हेडमास्तरांच्या खुर्चीत, हेडमास्तर शेजारी उभे. अध्यक्षांनी विचारलं, पोरं वळवायचा हुकूम कोणी दिला. दोघांनीही ऐकला नव्हता, ते बाहेर होते. राठोड दाराशी उभे होते, पांढरेफटक. त्यांनी तोंड उघडलं. त्याआधीच बाई बोलल्या.

"मी दिला."

"काहून?"

"मैदानावर हुकूम माझाच असतो साहेब. ऊन लागून राह्यलं होतं लेकरायला."

अध्यक्षांनी पुष्कळ ऐकवलं. संस्थेची अब्रू, जिल्ह्याचं लक्ष, वगैरे. बाई सावधान उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, हे आम्हाला माहीत होतं, अध्यक्षांना नव्हतं.

संध्याकाळी राठोड माझ्या घरी आले. आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगतो म्हणाले. मी त्यांना बाईंच्या घरी घेऊन गेलो. बाई गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. गुडघे गेल्या वर्षीपासून कुरकुरत होते. राठोडांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा. हे बघा, तुमाला कायम व्हायचंय, मला रिटायर व्हायचंय. दोगांचंही व्हऊन जाईल. मला ते काढू शकत न्हाईत, लई तं बदली करतील. तुमाला एका कागदानं घरी बसवतील."

"पण बाई, चूक माझी हाय."

"चूक?" बाईंनी पहिल्यांदा आवाज चढवला. "हुकूम चुकला व्हता का? सांगा ना. मी असते तं काय केलं असतं?"

बाईंनी चहा टाकला. सगळ्या शाळेला, म्हणजे पाचवीतल्या पोरांपर्यंत, खरं माहीत होतं. अध्यक्षांना सांगायला कुणीही गेलं नाही. शाळेने एखादी गोष्ट एकमुखाने पाळल्याचं माझ्या नोकरीतलं ते एकच उदाहरण.

जूनमध्ये बाईंची बदली संस्थेच्या कुरुंद्याच्या शाळेवर झाली. हिंगोलीत नवऱ्याचं दुकान आणि बांधलेलं घर, म्हणून बाईंनी कुरुंद्याला एक खोली घेतली आणि रविवारी तेवढ्या घरी येऊ लागल्या. आम्ही निरोप समारंभ ठरवत होतो, पण हेडमास्तरांनी घरगुती करा म्हणून सुचवलं, आणि घरगुती म्हणजे काय यावर चर्चा चालू असतानाच बाई एसटीत बसून गेल्या. जागा भरली गेली नाही.

पुढच्या हिवाळ्याअखेर राठोड कायम झाले. त्यांनी पेढ्यांचा डबा घेतला, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही वसमतला उतरून जीपने कुरुंद्याला गेलो. हळद शिजवायचे दिवस होते, सगळ्या गावाला तो वास. बाई मैदानावर पोरींना लंगडी शिकवत होत्या. डबा हातात घेतला, एक पेढा तोंडात टाकला, बाकीचे पोरींत वाटून टाकले. वाटेत राठोडांनी बरंच काही जुळवलं असावं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "बाई, तुमच्यामुळं आज मी..."

"सर," बाई म्हणाल्या, "इथं गणिताला मास्तर न्हाई. नववीला दिवाळीपासून कोनी शिकवलं न्हाई. आलात तसं घेता का तास?"

राठोड वर्गावर गेले. मी व्हरांड्यात बसलो. तास संपला तेव्हा बाईंचा पुढचा तास लागला होता, पोरींनी चुन्याने गोल आखायला घेतला होता. बाईंनी आमच्याकडे बघून हात केला आणि गोलात गेल्या. आभाराचं भाषण राठोडांच्या पोटातच राहिलं. परतीच्या जीपमधून वसमतला उतरताना म्हणाले, पुढच्या शनिवारी येतो असं नववीला सांगून आलोय.

तेव्हापासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की राठोड कुरुंद्याची गाडी धरायचे. ते पोचेपर्यंत बाई नववीला मैदानावर अडकवून ठेवायच्या. बाई रिटायर झाल्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आता हिंगोलीतच असतात, आणि राठोड अजून जातात. आता कशाला, असं मी परवा विचारलं. ते चपला घालत होते. म्हणाले, "तिथं अजून मास्तर आला न्हाई," आणि स्टँडकडे निघाले.