शेपटीकडचा पंखा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते यासीनचाचांचं. गेल्या महिन्यात सात रस्ता चौकात त्यांचा पुतण्या भेटला. "चाचा परसों गुजर गये, भाई," म्हणाला.

चाचा हेलिकॉप्टरचे मेकॅनिक. दुष्काळ सरल्यावर आमच्या अक्कलकोटकडच्या गावात कापसावर औषध फवारायला ते यंत्र आलं, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. सुटीत मी औषधाच्या टाक्या भरायच्या कामाला लागलो आणि चाचांनी मला सगळं यंत्र हात लावून दाखवलं. डाव्या हाताचा दांडा ओढला की वरची सगळी पाती एकाच वेळी तिरपी होऊन यंत्र वर उचलतात. पायलटच्या पुढची दांडी कलवली की पात्यांखालची तबकडी कलते आणि यंत्र त्या दिशेला जातं.

"मग शेपटीला एवढासा पंखा कशाला?" मी विचारलं.

"वरची पाती एकीकडं फिरत्यात, तर धड उलटीकडं फिरू बघतंय. त्याला ह्यो धरून ठेवतोय. पायडलनं ह्याचा जोर बदलला की तोंड वळतंय."

"म्हंजे खरा मालक शेपटीत हाय म्हणा की."

"व्हय. पण पायलटला सांगू नको, त्याला वाटतंय त्योच हाय." मग हसू थांबवून म्हणाले, "फिरताना ह्यो पंखा दिसत न्हाय. लई वंगाळ."

फवारणीच्या शेवटच्या दिवशी गाव यंत्राच्या पूजेला आलं. इंजिन चालूच होतं. आमच्याकडे गाईला शिंगांकडून कुणी भेटत नाही. पाठीवरून हात फिरवत मागं जायचं आणि शेपूट डोळ्यांना लावायचं. माझे वडील, आबा, कुंकवाचं ताट घेऊन वरच्या पात्यांखालून वाकून गेले आणि त्या लांब शेपटीवरून हात फिरवत मागं सरकू लागले. पुढं त्यांना नुसती हवा दिसत होती.

मी ओरडलो, पण इंजिनापुढं माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. चाचा धावले आणि हातातला लोखंडी पाना त्यांनी आबांच्या तोंडावर हाणला. आबा रक्त ओकत आडवे झाले. त्यांचा तांबडा पटका उडून पंख्यात गेला, तो धुरळ्यात कुणाला दिसला नाही. सगळ्यांना दिसला तो पाना, आणि तो कुणाच्या हातात आहे ते. मग लाथा, दगड... कुणीतरी जुवाची शिवळ, ती टोकदार लाकडी खुंटी, चाचांच्या डाव्या डोळ्यात खुपसली. चाचा मार खात एकच ओरडत होते, "मागं जाऊ नका, मागं जाऊ नका." आबा मोडका जबडा घेऊन रांगत गेले आणि त्यांच्या अंगावर पालथे पडले. तेवढ्यात पायलटनं इंजिन बंद केलं. पंखा मंदावला, दिसू लागला. त्याच्या पात्यांना तांबड्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मारणारे हात तिथंच थांबले.

चाचांचा डोळा गेला आणि त्याबरोबर ते कामही. इस्पितळात पोलिसांनी विचारलं, तर म्हणाले, "मशीनवरनं पडलो, सायब." आबा त्या दिवशी गेले असते, तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. निकाल लागल्यावर मी चाचांना पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. रविवारी ते स्वतःच आले. तीनदा लिहून फाडलं होतं, म्हणून ते पत्र पाठ आहे.

"तीर्थरूप यासीनचाचांस, शिरसाष्टांग नमस्कार. मी पास झालो. आबांचा जबडा बसला, आता भाकरी चावता येते. तुम्ही जेवायला आल्याशिवाय पेढे वाटायचे नाहीत असं ते म्हणतात. रविवारी या. फाट्यावर उतरलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी दिसतील. ती तीच आहेत. भिऊ नका. तुमच्या डाव्या अंगाला मी चालेन."